‘कॅपस्टोन’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

शब्दसाधिका

नमस्कार. एका शिक्षणसंस्थेच्या माहितीपुस्तिकेचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे आणि त्यातल्या ‘कॅपस्टोन’ या एका शब्दाने मला आठवडाभर अडवून धरले आहे. हा शब्द पुस्तिकेत तीन ठिकाणी आला आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचे काम वेगळे दिसते. पहिल्या ठिकाणी संस्थेच्या जुन्या दगडी वास्तूच्या दुरुस्तीचे वर्णन असून आवारभिंतीवरचे झिजलेले कॅपस्टोन काढून नवे बसवल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या ठिकाणी संस्थापकांचा परिचय आहे आणि ही संस्था उभी करणे हा त्यांच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीचा कॅपस्टोन होता, असे वाक्य आहे. तिसरे ठिकाण म्हणजे अभ्यासक्रमाचा तक्ता. त्यात शेवटच्या सत्रात ‘कॅपस्टोन प्रकल्प’ आहे आणि त्याला इतर कोणत्याही विषयापेक्षा अधिक गुण आहेत.

पहिल्या खर्ड्यात मी तिन्हीकडे ‘कोनशिला’ लिहिले, कारण दगड आणि मान या दोन्ही गोष्टी त्या शब्दात येतात असे मला वाटले. कोनशिला पायाशी असते आणि मूळ शब्द माथ्याचा आहे, असा शेरा मारून तपासनिसांनी पाने परत पाठवली. मग ‘कळीचा दगड’ करून पाहिले, तर तो निराळ्याच इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे असे उत्तर आले. शब्दकोशातील ‘सर्वांत वरचा दगड’ हा अर्थ चुकीचा नाही, पण ‘सर्वांत वरच्या दगडाचा प्रकल्प’ असे कोणी लिहील का?

इंग्रजी बोलणारे लोक हा शब्द रोजच्या व्यवहारात कोणत्या छटेने वापरतात आणि मराठीत त्याला एकच प्रतिशब्द शोधावा की ठिकाण पाहून वेगवेगळे शब्द योजावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चुनेगच्ची

माझे आयुष्य बांधकामात गेले असल्यामुळे मी भिंतीपासूनच सुरुवात करतो. शब्दही तिथलाच आहे.

‘कॅप’ म्हणजे टोपी आणि ‘स्टोन’ म्हणजे दगड, इतकी ही सरळ फोड आहे. भिंत बांधून झाली की तिचा माथा उघडा राहतो आणि भिंतीचा खरा शत्रू म्हणजे पाणी, ते तिथूनच आत शिरते. म्हणून शेवटच्या थरावर जरा रुंद, दोन्ही अंगांनी बाहेर आलेले आणि उताराचे दगड बसवतात. चांगल्या कामात या दगडांच्या खालच्या बाजूला, भिंतीपासून थोडे अंतर सोडून, एक बारीक खाच काढलेली असते. ती नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे ओघळते. ती असेल तर थेंब तिथेच तुटतो आणि पागोळीसारखा भिंतीपासून दूर पडतो. आपल्याकडे ठेकेदार आणि गवंडी या सगळ्या प्रकाराला सर्रास ‘कोपिंग’ म्हणतात, मग ते दगडाचे असो, काँक्रीटचे असो वा शहाबादी फरशीचे. गंमत अशी की ‘कोपिंग’मधला ‘कोप’, म्हणजे अंगरखा, आणि ‘कॅप’, म्हणजे टोपी, हे दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘काप्पा’ या एकाच मुळापासून निघाले आहेत. म्हणजे आमचा गवंडी आणि आपली पुस्तिका एकाच घराण्यातले शब्द वापरत आहेत. कोकणात मातीच्या भिंतीच्या माथ्यावर कौले बसवतात किंवा झावळ्या घालतात, तेही काम तेच. फक्त तिथे टोपी दगडाची नसते.

आता ‘कळीच्या दगडा’विषयी. इंग्रजीत त्याला ‘कीस्टोन’ म्हणतात. कमानीच्या अगदी मध्यावर, माथ्याशी बसवलेला पाचरीच्या आकाराचा दगड तो. कमान बांधताना तिचे सगळे दगड लाकडी सेंटरिंगवर टेकलेले असतात. मधला दगड बसला, की दोन्ही बाजू एकमेकींवर रेलतात आणि सेंटरिंग काढता येते. कॅपस्टोन आणि कीस्टोन दोन्ही उंचावर असतात आणि दोन्ही शेवटी बसतात, म्हणून गोंधळ होतो. मी शिकाऊ मुलांना एक साधी परीक्षा सांगत असे: दगड काढून घेतला तर काय होईल, याचा विचार करा. कीस्टोन काढला तर कमान कोसळते. कॅपस्टोन काढला तर त्या दिवशी काहीच होत नाही. भिंत तशीच उभी राहते, पण चार-सहा पावसाळे पोटात पाणी मुरले की तिला फुगार येतो आणि मग एका पावसाळी रात्री ती बसते. म्हणून ज्याच्यावर सगळे अवलंबून आहे अशा गोष्टीला इंग्रजीत ‘कीस्टोन’ म्हणतात आणि जी गोष्ट आधीचे सगळे काम पुरे करते, झाकते आणि टिकवते, तिला ‘कॅपस्टोन’. वृत्तपत्रांतला ‘कळीचा मुद्दा’ हा पहिल्या जातीचा आहे, दुसऱ्या नव्हे.

कोनशिलेचे तर उलटेच. ती आरंभी बसते. एकाच वास्तूत दोन्ही पाहायच्या असतील तर अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाचा स्तंभ पाहावा. त्याची कोनशिला ४ जुलै १८४८ रोजी बसवली गेली आणि कॅपस्टोन ६ डिसेंबर १८८४ रोजी. मधल्या छत्तीस वर्षांत पैसे संपले, यादवी युद्ध झाले, काम वीसेक वर्षे रखडले, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा निराळा संगमरवर वापरावा लागला. सुमारे १५० फुटांवर स्तंभाचा रंग बदललेला आजही दिसतो. तो कॅपस्टोन साधारण दीड टन वजनाचा असून त्याच्या टोकावर जेमतेम तीन किलोंचा ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवलेला आहे, कारण त्या काळी ॲल्युमिनियम हा दुर्मीळ आणि महाग धातू होता.

आपल्या पहिल्या वाक्यात ‘भिंतीच्या माथ्यावरचे दगड’ असे लिहावे. त्याहून अवघड शब्द तिथे नको.

ओवीबद्ध

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु लाक्षणिक अर्थासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. मराठीत ‘कळस’ हा शब्द शतकानुशतके हेच काम करीत आला आहे. संत बहिणाबाईंच्या ज्या अभंगात ज्ञानदेवांनी पाया रचला आणि ‘तुका झालासे कळस’ असे म्हटले आहे, त्यात पाया, देवालय, खांब आणि कळस अशी सबंध वास्तूच रूपकात उभी केली आहे. ‘कारकिर्दीचा कॅपस्टोन’ यासाठी ‘कारकिर्दीचा कळस’ यापेक्षा चांगला शब्द कोणता असू शकेल? आपल्याकडे ‘आधी कळस मग पाया’ ही म्हणसुद्धा आहे. म्हणजे कळस शेवटी चढवायचा असतो, ही समजूत भाषेत मुरलेली आहे. त्याच न्यायाने शेवटच्या सत्रातील प्रकल्पाला ‘कळस प्रकल्प’ म्हणायला हरकत नसावी.

शब्दसाधिका

‘कळस’ माझ्याही मनात आला होता, पण एका कारणाने मी बिचकले. ‘निष्काळजीपणाचा कळस’, ‘मूर्खपणाचा कळस’, किंवा नुसतेच वैतागून म्हटलेले ‘कळस झाला!’ हे प्रयोग रोजच्या बोलण्यात इतके आहेत की ‘हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस होता’ हे वाक्य वाचताना क्षणभर तरी वाचकाच्या भुवया वर जातील, अशी मला शंका वाटते. इंग्रजी ‘कॅपस्टोन’ला असे उपरोधाचे अंग आहे का?

खडूफळा

फारसे नाही. इंग्रजीत अतिरेकाच्या अर्थाने दुसरे शब्द वापरले जातात. ‘कॅपस्टोन’ बहुतेक वेळा गौरवाने किंवा निदान तटस्थपणे येतो. तेव्हा आपली शंका रास्त आहे. मात्र ती नामाला लागू आहे, क्रियापदाला नाही. ‘कळस झाला’ यात उपरोध येऊ शकतो, पण ‘कळस चढवला’ यात तो सहसा येत नाही, कारण कळस चढवणे ही कोणीतरी जाणीवपूर्वक, समारंभाने केलेली कृती असते. कलशारोहणाचा सोहळा ज्याने पाहिला आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून संस्थापकांच्या परिचयात ‘ही संस्था उभी करून त्यांनी आपल्या चाळीस वर्षांच्या कार्यावर कळस चढवला’ असे लिहिल्यास अर्थ पूर्ण येतो आणि भुवयाही जागेवर राहतात. इंग्रजीतले नाम मराठीत नामानेच आणले पाहिजे, या हट्टापायी आपण अनुवादक निष्कारण अडतो.

आता तिसऱ्या ठिकाणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मी अभियांत्रिकी शिकवतो आणि गेली काही वर्षे हा शब्द आमच्या अभ्यासमंडळांच्या बैठकांतून सारखा कानांवर येतो.

शिक्षणातील ‘कॅपस्टोन’ हा प्रामुख्याने अमेरिकी वापर आहे. तिथल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘एबेट’ ही संस्था पदवीपूर्वी संरचनेचा, म्हणजे डिझाइनचा, एक मोठा, समारोपाचा अनुभव विद्यार्थ्याला मिळालाच पाहिजे अशी अट घालते आणि बहुतेक विद्यापीठे या अटीची पूर्तता ज्या विषयाने करतात त्याला ‘कॅपस्टोन डिझाइन’ म्हणतात. व्यवस्थापन, संगणकशास्त्र, सार्वजनिक धोरण अशा शाखांतही हा शब्द रुळला आहे. कोर्सेरासारख्या संकेतस्थळांवरील ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या अखेरीस हाच शब्द येतो आणि आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांची त्याच्याशी पहिली गाठ तिथेच पडली आहे.

प्रश्न असा की, हा आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पापेक्षा, म्हणजे विद्यार्थी ज्याची ‘ब्लॅक बुक’, म्हणजे अहवालाची प्रत, बांधून घ्यायला परीक्षेच्या आदल्या दिवशी धावतात त्या ‘बी.ई. प्रोजेक्ट’पेक्षा, वेगळा आहे का? नावापुरता पाहिला तर नाही. हेतू पाहिला तर आहे. आमच्याकडच्या प्रकल्पात विद्यार्थी बहुधा एखाद्या विषयाचा एक कोपरा निवडतो आणि त्यातच वर्ष घालवतो. कॅपस्टोनमध्ये अपेक्षा अशी असते की आधीच्या सगळ्या सत्रांत जे सुटेसुटे शिकले, ते एका खऱ्या प्रश्नावर एकत्र लावून दाखवावे. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एखाद्या कारखान्याने सामान उचलण्याचा साधा पाळणा आखायला सांगितला, तर बलांचे गणित, धातूची निवड, खर्चाचा अंदाज, सुरक्षिततेचे नियम आणि गटाने काम करून शेवटी कारखान्याच्या माणसांसमोर केलेले सादरीकरण, हे सगळे त्यात येते. नवे संशोधन असावेच अशी अट नसते, आणि प्रबंधापासून त्याचा मुख्य फरक हाच. प्रबंध ज्ञानात भर घालतो. कॅपस्टोन हे सिद्ध करतो की मिळालेले ज्ञान विद्यार्थ्याला वापरता येते. (प्रत्यक्षात किती ठिकाणी तसे होते, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. नाव बदलले आणि ब्लॅक बुक तीच राहिली, असेही पाहिले आहे.)

या अर्थासाठी मी ‘सांगता’ हा शब्द सुचवतो. सप्ताहाची सांगता, पारायणाची सांगता, शताब्दी वर्षाची सांगता, असे आपण सहज म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘शेवट’ असा घेतो. परंतु शब्दाची फोड केली, तर ‘स’ अधिक ‘अंग’ म्हणजे ‘सांग’, आणि त्यावरून ‘सांगता’, म्हणजे सर्व अंगांनी युक्त होणे. ‘सांगोपांग’मधला ‘सांग’ तोच. म्हणजे सांगता हा नुसता शेवट नाही. एकही अंग उणे न राहता झालेला तो शेवट आहे. कॅपस्टोन प्रकल्पाकडून अपेक्षा नेमकी हीच असते, आणि ‘समारोप’ किंवा ‘अंतिम’ या शब्दांत ती येत नाही. ‘सांगता प्रकल्प’ असे लिहून पाहावे.

आमच्या एका सहकाऱ्यांनी ‘उद्यापन प्रकल्प’ सुचवले होते. अर्थ जवळ जातो, कारण व्रत पुरे झाल्यावरच उद्यापन करतात. पण विद्यार्थी त्या दिवशी पुरणपोळीची अपेक्षा करतील.

वाटसरू

‘सांगता’ची फोड वाचून आनंद झाला. मी प्रवास आणि जुने अवशेष यांच्या बाजूने थोडी भर घालतो.

पुरातत्त्वात ‘कॅपस्टोन’ हा शब्द टोपीच्या अर्थाला अगदी धरून येतो. महापाषाणयुगीन दफनांत तीन-चार शिळा उभ्या करून त्यांवर एक मोठी शिळा आडवी ठेवतात; तिला कॅपस्टोन म्हणतात. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेनकल येथे अशी शिळाघरे मोठ्या संख्येने उभी आहेत. केरळात तर काही दफनांवर घुमटाच्या आकाराचा दगड नुसता पालथा घातलेला आढळतो आणि त्याला मल्याळममध्ये ‘तोप्पिकल्लु’ म्हणजे टोपीचा दगड म्हणतात. इंग्रजांनी भिंतीकडे पाहून जो शब्द घडवला, तोच तिथल्या लोकांनी थडग्याकडे पाहून घडवला. विदर्भात, नागपूरजवळच्या जुनापाणीला, मात्र दगडांची वर्तुळे आहेत. तिथे ही टोपी शोधू नये.

इजिप्तमधील पिरॅमिडच्या टोकावरचा दगड हा या शब्दाचा सर्वांत प्रसिद्ध धनी. खुफूच्या मोठ्या पिरॅमिडचा तो दगड आज जागेवर नाही, पण दहशूर येथील अमेनेमहेत तिसरा याच्या पिरॅमिडचा काळा, गुळगुळीत टोकदगड सापडला आणि तो कैरोला नेण्यात आला. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूला जो पिरॅमिड आहे, तो मुद्दाम तेरा पायऱ्यांवर अपुरा ठेवला आहे, आणि जिथे कॅपस्टोन यायला हवा तिथे, किंचित अंतर सोडून, त्रिकोणात डोळा काढला आहे. आपल्याकडे खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप पाहताना मला हीच गोष्ट आठवते. छताचे थर वर्तुळाकार जवळ येत जातात आणि मध्यभागी थांबतात. तिथे आकाश आहे आणि खाली जमिनीवर एकच वर्तुळाकार शिळा. माथा मिटवलेला नाही, म्हणून माथा मिटवणे म्हणजे काय हे तिथे अधिक कळते.

अनुवाद करणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या ११८व्या स्तोत्राच्या २२व्या ओवीत बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचा उल्लेख आहे. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘कोपऱ्याचे डोके’ असा होतो. इंग्रजीतील ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’ या भाषांतराच्या १९८४च्या आवृत्तीत तिथे ‘कॅपस्टोन’ होते आणि २०११च्या आवृत्तीत ते बदलून कोनशिला या अर्थाचा शब्द घातला गेला. मराठी बायबलमध्ये ‘कोनशिला’ हाच शब्द परिचित आहे. तेव्हा प्रश्नकर्तीने केलेली चूक फार मोठ्या मंडळींच्या पंगतीतली आहे. वाईट वाटून घेऊ नये.

बातम्यांत ‘कॅपस्टोन’ नावाचे यान भेटले, तर मात्र त्याचे भाषांतर करू नये. २८ जून २०२२ रोजी न्यूझीलंडमधील माहिया येथून सोडलेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चंद्राभोवतीच्या कक्षेत पोहोचलेला तो नासाचा सुमारे २५ किलोंचा छोटा उपग्रह आहे. त्याचे नाव म्हणजे एका लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरांची जुळणी आहे. माथ्याच्या दगडाशी त्याचा संबंध नाही.

चुनेगच्ची

उच्चाराबद्दल एक राहिले. ‘कॅपस्टन’ हा निराळा शब्द आहे. जहाजावर दोर गुंडाळण्याच्या उभ्या रहाटाला कॅपस्टन म्हणतात, आयटीआयमध्ये मुले ‘कॅपस्टन लेथ’ शिकतात आणि जुन्या पिढीला त्या नावाची सिगारेट आठवत असेल. एका निविदेत मी ‘भिंतीवर कॅपस्टन बसवणे’ असे छापलेले वाचले आहे. पुस्तिकेत ‘टो’वरचा काना आणि मात्रा जपावी.

शब्दसाधिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांवरून तीन वाक्ये पुन्हा लिहिली आहेत:

‘आवारभिंतीच्या माथ्यावरचे झिजलेले दगड काढून त्या जागी नवे, उताराचे दगड बसवण्यात आले.’

‘ही संस्था उभी करून त्यांनी आपल्या चाळीस वर्षांच्या कार्यावर कळस चढवला.’

‘चौथ्या सत्रात विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा शेवट करणारा सांगता प्रकल्प पूर्ण करावा लागेल.’

तक्त्यात पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘सांगता प्रकल्प, म्हणजेच कॅपस्टोन’ असे लिहीन आणि पुढे केवळ ‘सांगता प्रकल्प’, कारण विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी नावच असणार आहे आणि दोन्हींचा मेळ त्याला घालता आला पाहिजे.

ओवीबद्ध

‘कळस प्रकल्पा’चा आग्रह मी मागे घेतो, ‘सांगता’ अधिक चपखल आहे. दुसरे वाक्य तर फारच चांगले उतरले आहे.

खडूफळा

तिसऱ्या वाक्यातून ‘अभ्यासक्रमाचा शेवट करणारा’ हे शब्द काढावेत. ते ‘सांगता’मध्ये आलेच आहे, आणि ठेवले तर वाचक सांगता म्हणजे केवळ शेवट असेच समजेल. त्याऐवजी ‘आधीच्या तिन्ही सत्रांतील विषयांचा एकत्रित उपयोग करून’ असे घातल्यास प्रकल्पात काय करायचे आहे, हेही विद्यार्थ्याला त्याच ओळीत कळेल.

चुनेगच्ची

आणि पहिल्या वाक्यात ‘उताराचे’ हा शब्द माझ्या प्रतिसादातून आला असावा. मूळ इंग्रजी मजकुरात नव्या दगडांना उतार असल्याचा उल्लेख नसेल, तर तो काढावा, किंवा संस्थेला विचारून खात्री करून घ्यावी. माथा सपाट ठेवलेला असेल, तर तसे त्यांना या निमित्ताने कळवलेलेही बरे.